शून्याने भागाकार

लॅबमधल्या मामांकडे टेस्टिंग मशीनची जुनी रीडिंग्ज विंडोज ९५ च्या एका पीसीत अडकलेली. सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही आणि जुना पीसी कधी मान टाकेल याचा नेम नाही. म्हणून आम्ही हार्ड डिस्कची इमेज काढून व्हर्च्युअलबॉक्सला जोडली. ढगांचं चित्र आलं, मग काळा पडदा : एनडीआयएस सुरू होताना 'विंडोज प्रोटेक्शन एरर'.

अख्ख्या विंगने सल्ले दिले. (हॉस्टेलवर तेवढंच फुकट मिळतं!) रॅम कमी केली, नेटवर्क कार्ड काढलं. ढिम्म!

गोम वेगात होती. एनडीआयएस म्हणजे नेटवर्कचा ड्रायव्हर. तो सुरुवातीला एक लूप फिरवून त्याला लागलेला वेळ मोजतो आणि त्या वेळेने भागतो. १९९५ च्या मध्यावर वेगवान पेंटियम म्हणजे १३३ मेगाहर्ट्झ! २.१ गिगाहर्ट्झच्या पुढे तो वेळ शून्यच भरतो. व्हर्च्युअल मशीन हार्डवेअरचं सोंग छान आणतं, पण सीपीयू खराच असतो ना राव.

'फिक्स९५सीपीयू' या पॅचची फ्लॉपी इमेज जोडली, ड्रायव्हर बदलला. डेस्कटॉप उघडला.

मामा खुर्ची ओढून बसले. "९८ चं फोल्डर उघड रे. माझी पहिली बॅच आहे त्यात."