उत्रोलीच्या खोपड्यांचा दगा
फसवणाऱ्याला जाब विचारावा की सोडून द्यावे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर भोरजवळच्या उत्रोलीशी जोडलेले आहे. रोहिडखोऱ्यातील हे गाव खोपडे देशमुखांचे. घराण्यात देशमुखीवरून भाऊबंदकी होती. १६५९ मध्ये अफझलखान स्वराज्यावर चालून आला तेव्हा खंडोजी खोपडे त्याला जाऊन मिळाला. त्याच खोऱ्यातल्या कारीच्या कान्होजी जेध्यांनी मात्र वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांची साथ धरली.

प्रतापगडाखाली खान मारला गेला आणि खंडोजीला लपत फिरावे लागले. अखेर त्याच्या जिवासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. ज्या बाजूवर तो उलटला, तिथल्याच माणसाने शब्द टाकावा, ही साधी गोष्ट नव्हे. महाराजांनी शब्द राखला, जीव घेतला नाही. पण उजवा हात आणि डावा पाय तोडवला. ही शिक्षा क्रूरच होती. तरी दगा न बोलता पोटात घातला गेला नाही, हे खरे.

लहान गावात गप्प बसल्याने विसर पडत नाही. रोजची भेट टळत नाही, अढी मात्र बांधावर उभी राहते. म्हणून जाब विचारावाच, पण सूड म्हणून नव्हे. आधी चार माणसांत बसून, मग कागदाने. फसवणूक पैशाची असेल तर या कागदाला फार उशीर नको: १९६३ च्या मुदत कायद्यात पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे मिळतात. दाव्याच्या मुळाशी फसवणूक असेल तर ती उघडकीस आल्यापासून मुदत मोजतात.