हिरव्या रंगाची जमीन

सकाळी टेकडीवर नेहमीच्या वाटेने गेलो. कातळाच्या अलीकडे फक्कीची पांढरी रेघ, चार खुंट्या आणि मुरमात जेसीबीच्या दातांचे ताजे ओरखडे. परवापर्यंत तिथे कुसळी गवत होते. फोटो काढले, तारखेसकट.

*

आराखड्यात ही टेकडी हिरवी आहे. पुणे महापालिकेत 1997 साली आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण पडले. क्षेत्र सुमारे 978 हेक्टर. शासनाची मंजुरी आली 2015 साली. मधल्या अठरा वर्षांत उतारांवर किती घरे चढली, ते खालच्या रस्त्यावरून मान वर केली की दिसते.

*

पायथ्याच्या गावातले आबा म्हणाले, "नकाशात हिरवा रंग भरला तुम्ही, पण जमीन अडकली आमची."

त्यांच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. जमीन महापालिकेला दिली तर मोबदला टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपात, तोही 8 टक्के. म्हणजे शंभर गुंठ्यांमागे आठ गुंठ्यांचा कागद. शेजारच्या सपाटीवर गुंठा काय भावाने जातो, हे आबांच्या कानावर रोज येते. प्लॉटिंगवाले दारात येऊन बसतात.

टेकडीची हवा सगळ्या शहराने खायची आणि किंमत अकरा वारसांनी मोजायची, हे टिकणार नाही. टेकड्या वाचवा म्हणणाऱ्या आम्ही सगळ्यांनी आबांच्या वाजवी मोबदल्यासाठी तितकेच भांडायला हवे. कायदाही थांबत नाही. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. पैशाची तरतूद नसेल तर नकाशातला हिरवा रंग असा उडून जातो.

*

पाच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ, तो 1:5 चा उतार. त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करू नये, हा नियम आहे. म्हणूनच आधी डोंगर कापतात. नंतर मोजणीला माणूस येतो तेव्हा जागा सपाट भरते.

यावर उपाय जुना नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशातल्या समोच्च रेषा जेसीबीला खोडता येत नाहीत. रेषा जवळजवळ, तर चढ खडा. प्रत्येक टेकडीवाल्या गावाने असा नकाशा ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात लावून ठेवावा.

*

गोव्यातले मित्र 2006 ची आठवण अजून काढतात. प्रादेशिक आराखडा 2011 जाहीर झाला, त्यात डोंगर, किनारे, शेते वसाहतीसाठी मोकळी झालेली लोकांनी नकाशात पाहिली, आणि ते रस्त्यावर आले. 2007 च्या जानेवारीत सरकारने आराखडा मागे घेतला. पुढे 2021 चा आराखडा झाला, तर 2023 मध्ये तिथल्या नगररचना कायद्यात कलम 17(2) आले. आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायच्या म्हणून एकेका भूखंडाचा झोन बदलता येऊ लागला. संपूर्ण आराखड्यावर लोक लक्ष ठेवतात. एकेका सर्व्हे नंबरावर रोज कोण ठेवणार?

*

माथेरान 2003 पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. गाड्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे लाल मातीची वाट, जांभळीची सावली. महाबळेश्वर-पाचगणीची अधिसूचना त्याआधीची, 2001 ची. पण तिथल्या रस्त्यांवर मे महिन्यातली गाड्यांची रांग पाहिली की कळते, झोनचा कागद बांधकाम अडवतो, गर्दी अडवत नाही.

*

विनापरवाना मुरूम उपसला म्हणून तलाठ्याकडे अर्ज दिला. एका कार्यालयातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. तीन आठवडे गेले. तेवढ्यात एका रात्री पहिला पाऊस पडला आणि फक्की धुऊन गेली. उघड्या मुरमातून तांबडे पाणी वाटेवर आले होते. खुंट्या तशाच होत्या.

*

आज पंचनामा झाला. पंच म्हणून सही करायला दोन माणसे हवी होती. फिरायला येणाऱ्यांपैकी एकजण तयार झाला, दुसरा मिळेना. आबांना विचारायला मी कचरत होतो. शेजारचीच जमीन, उद्या त्यांनाही विकायची वेळ येईल. निरोप मिळताच ते काठी टेकत वर आले. सही करण्याआधी त्यांनी खुंटीपासून खुंटीपर्यंतचे अंतर स्वतः पावलांनी मोजले आणि तलाठ्याला म्हणाले, "बेचाळीस. लिहा."