सावज समोर असताना

नोव्हेंबरात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. मी नाशिकची. आमच्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा आणि शिकारी म्हणजे जुन्या पुस्तकांतला माणूस. इथे तो शेजारी राहतो, आपल्या दारातला बर्फही काढून देतो. असा भला माणूस जंगलात कशासाठी जातो, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून परवान्याआधीचा सुरक्षिततेचा वर्ग लावला.

प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, सावजाच्या मागे काय आहे ते आधी पाहा, बोट चापाबाहेर ठेवा, हे नियम लगेच पटले. घोळ झाला पुढच्या धड्यात. ला क्रॉसच्या विद्यापीठातल्या रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन यांनी १९७०च्या दशकात इथल्या हजाराहून अधिक शिकाऱ्यांचा अभ्यास करून शिकारी घडण्याचे पाच टप्पे मांडले. आधी नुसती बार काढायची हौस. मग परवान्यात बसतील तेवढी जनावरं. मग मोठ्या शिंगांचा नर. मग रीत महत्त्वाची, म्हणजे धनुष्यबाणासारखं अवघड हत्यार. शेवटी जंगलात असणं हेच पुरेसं. पण एवढं पुरेसं वाटणारा माणूस बंदूक घरी का ठेवत नाही? उतारवयात कॅमेऱ्यात रमलेले जिम कॉर्बेट मला ठाऊक होते. पिकलेला शिकारी तसाच असणार, अशी माझी समजूत.

शेजारचे सत्तरीचे आजोबा मला मचाणावर घेऊन गेले. माझ्याकडे बंदूक नव्हती. उजाडल्यावर भरघोस शिंगांचा एक नर ओकच्या झाडांतून सरळ समोर आला. मला ना मांस हवं होतं, ना भिंतीवर शिंगं. तरी छाती धडधडत होती आणि मन ओरडत होतं, मारा, मारा! आजोबांची रायफल मांडीवरून हलली नाही. तो निघून गेल्यावर म्हणाले, "तो काय करतो ते बघायचं होतं." विशीत त्यांनी असाच नर गाडीला बांधून गावभर मिरवला होता. तेव्हा बघणारे लागायचे, म्हणाले.

आणि संध्याकाळी त्यांनी एक मादी मारली. मी चक्रावलेच. त्यांच्या लेखी यात विसंगती नव्हती: थंडीभर घरात मटण लागतं, आणि हरणं फार झाली की जंगलात कोवळी रोपं उरत नाहीत. पोट फाडताना मी पाय धरले. जठरात ओकची फळं निघाली. ती कुठल्या उतारावरची असतील, हे त्यांनी मला सांगितलं. डोकं हरणांतल्या एका रोगाच्या तपासणीसाठी द्यायचं म्हणून वेगळं ठेवलं.

नंतर मी निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड वाचले. तरुणपणी लांडगे कमी तर हरणं जास्त, या हिशेबाने त्यांनी लांडगे मारले. पुढे विस्कॉन्सिनमध्ये प्राध्यापक असताना तो हिशेब चुकीचा होता, असं लिहिलं. हे लिखाण असलेलं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९४९ साली आलं. पण शिकार त्यांनी सोडली नव्हती. माझं आता असं मत झालंय की वयाबरोबर मारणं सुटतंच असं नाही. आधी गावाला दाखवायला मारणारा माणूस पुढे त्या जनावराला आणि जंगलाला जबाबदार होतो. पण पहिला टप्पा ओलांडल्याशिवाय तिथे पोचता येतं का? मला अजून समजत नाही.

पुढच्या वर्षी मी परवाना काढणार, फक्त मटणासाठी, असं आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला बार काढायचाय, मी तुझा चेहरा पाहिलाय. ती हौस आधी रेंजवर फेडून ये, मग जंगलात चल."