भात्यातील बाण

पवित्र शास्त्रातील एकशे सत्ताविसावे स्तोत्र घराविषयी आहे. त्यात मुलांना योद्ध्याच्या हातातील बाणांची उपमा दिली असून, ज्याचा भाता अशा बाणांनी भरला आहे त्याला धन्य मानले आहे. प्रवचनातून ही उपमा आपण अनेकदा ऐकतो. ती ऐकताना आपले लक्ष भात्याकडे जाते. त्यातील बाण आपल्या धनुष्याला जुळतो की नाही, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. स्वतःच्या हाताने धनुष्य घडविणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही.

रायगड जिल्ह्याला तिरकमठा नवा नाही. कातकरी बांधवांच्या हाती तो पिढ्यान्‌पिढ्या होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. आम्ही थळ येथे धनुष्य घडविले, तेही पेंढ्याच्या भाऱ्यावर नेम धरण्यासाठीच. मेस जातीचा भरीव बांबू उभा चिरला, सालीची बाजू लक्ष्याकडे ठेवली आणि आतली बाजू तासली. ताणकाट्यावर धनुष्याचे बळ ३५ पाउंड भरले. मग सागाचे साडेआठ मिलिमीटर जाडीचे बारा दांडे घेतले. डोळ्यांना ते सारे सारखेच दिसत होते.

ते सारखे नव्हते. दांड्याची ताठरता मोजण्याची जुनी रीत सोपी आहे. २६ इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडा ठेवावा, मधोमध दोन पाउंडांचे वजन टांगावे आणि तो किती लवतो ते पाहावे. २६ ला त्या इंचांनी भागले की किती पाउंडांच्या धनुष्याला तो साजेल याचा अंदाज येतो. ३५ पाउंडांसाठी दांडा सुमारे १९ मिलिमीटर लवला पाहिजे. धनुष्याची मूठ रुंद असेल तर तो याहून थोडा मऊ लागतो. आमच्या बारांपैकी पाचच जुळले. एकाच फळीतून निघालेल्या दांड्यांचेही रेषे वेगळे असतात.

एवढी दक्षता का, असे कोणी विचारील. बाण मुठीच्या कडेला टेकलेला असतो, दोरी मात्र मुठीच्या मध्याकडे झेपावते. म्हणून सुटताना बाण क्षणभर वाकतो, मुठीला वळसा घालतो, उलट बाजूस लवतो आणि मगच सरळ होतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा फार ताठ बाण मुठीला घासून डावीकडे जातो, फार मऊ बाण उजवीकडे भरकटतो. आणि बाण फारच हलका असेल तर त्याला न पेलवलेले बळ धनुष्यातच राहून धनुष्य मोडण्याचे भय असते. सरळ जाण्यासाठी आधी वाकावे लागते, आणि किती वाकावे हे समोरच्या धनुष्याच्या बळावर ठरते.

आमच्या परिचयाच्या एका घरात दोन मुलगे आहेत. थोरला विज्ञान शाखेत चमकला. धाकट्याचा हात चित्रकलेत होता. किनाऱ्यावरच्या होड्या तो हुबेहूब रेखाटी. त्यालाही त्याच शाखेत घातले. दोन वर्षे तो नापास झाला. आज तो रविवारी मिस्साला येतो, पण कोणाशी बोलत नाही. मुलगा आळशी, असे घरचे म्हणतात. धनुष्याविषयी मात्र कोणी काही बोलत नाही.

न जुळलेले सात दांडे आम्ही काकडीच्या वेलांना आधार म्हणून लावले. मुलाला असे बाजूला काढता येत नाही. तेथे उपाय एकच, धनुष्य तासण्याचा. आतली बाजू थोडी तासली की बळ उतरते. गेलेले बळ मात्र परत येत नाही. म्हणून थोडे तासावे, ओढून पाहावे, पुन्हा थोडे तासावे. स्वतःच्या अपेक्षा अशा कमी करीत जाणे बापाला जड जाते.

नाझरेथचा योसेफ सुतार होता. लाकडाचे रेषे त्याला कळत असतील. पण मंदिरात सापडलेल्या बारा वर्षांच्या मुलाचे बोलणे त्याला आणि मरियेला समजले नाही, असे संत लूक लिहितो. तरीही त्या घरात तो मुलगा ज्ञानाने आणि शरीराने वाढला. मुलाला ताठ किंवा मऊ ठरविण्यापूर्वी आपणही आपल्या घराचे धनुष्य एकदा काट्याला लावून पाहावे.