शताब्दीचे नाणे आणि चिमूटभर उदी

हल्ली एखाद्या दुकानाला दहा वर्षे झाली की इंटरनेटवर त्याचा वर्धापनदिन साजरा होतो. कपावर, टी-शर्टवर, किल्लीच्या साखळीवर तारीख छापायची आणि गिऱ्हाइकाने ती आठवण म्हणून विकत घ्यायची. आम्हा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या लोकांना याचे नवल वाटत नाही. आमच्या जिल्ह्यात शिर्डी आहे.

साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला देह ठेवला. ऑक्टोबर २०१७ पासून वर्षभर त्याची शताब्दी झाली. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते चांदीचे स्मारक नाणे निघाले. लॉकेट, घड्याळे, मोटारीत ठेवायच्या मूर्ती हा माल तर बारमाही. आता तो मोबाइलवरून घरपोच येतो. अशा बऱ्याच वस्तूंवर 'सबका मालिक एक' छापलेले असते. पण बाबांच्या तोंडी सदा असलेले 'अल्ला मालिक' आम्हाला त्यांवर क्वचितच दिसते. बाबा राहात होते त्या जागेला ते मशीदमाई म्हणत आणि द्वारकामाईही म्हणत. वस्तूंवर त्यातले दुसरेच नाव येते.

विकण्याला आमची हरकत नाही. उरूस म्हटला की दुकाने आलीच. शिर्डीतला पहिला उरूस १८९७ साली भरला. कोपरगावच्या गोपाळराव गुंडांना पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला, त्या आनंदात त्यांनी तो भरवला आणि त्यासाठी रामनवमीचा दिवस ठरला. निशाणे दोन निघत. त्यातले एक नगरच्या दामूअण्णा कासारांचे, दुसरे नानासाहेब निमोणकरांचे. संदलची मिरवणूक कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करने सुरू केली. तेव्हाही बाजार भरे, कुस्त्यांचे फड रंगत. पुढे १९१२ पासून त्याच दिवशी रामजन्म होऊ लागला. पाळणा आणि संदल एकाच गावात, एकाच दिवशी. हे सारे 'श्रीसाईसच्चरिता'त हेमाडपंतांनी लिहून ठेवले आहे.

बाबांच्या पश्चात समाधीची सेवा करणारा अब्दुलबाबा नांदेडचा. हयातीत दिवे लावायचे काम त्याचे होते. तो १९५४ साली वारला. त्याची कबर लेंडीबागेत आहे आणि तात्या कोते पाटलांची समाधीही तिथेच आहे. त्याच १९५४ साली मुंबईचे शिल्पकार तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती समाधीमागे बसली. मूर्ती आली, आता आपले तिथे काय काम, असे आमच्यातले पुष्कळजण म्हणू लागले. तेव्हा 'अल्ला मालिक' विसरले गेले याचा सारा दोष बाजारावर टाकता येत नाही. दुकानदार खपेल ते छापतो. मागणारेच फिरकले नाहीत, तर ते शब्द तो कशाला छापील?

खुद्द बाबांची आठवण देण्याची रीत निराळी होती. दक्षिणा ते मागून घेत आणि संध्याकाळपर्यंत वाटून टाकत. आल्यागेल्याला धुनीतली उदी देत. तिला दाम नव्हता, आजही नाही. दर्ग्यावरून आणलेला तबर्रुक आमच्याकडे घरोघर वाटतात, त्याच जातीची ही गोष्ट. देह ठेवण्याआधी त्यांनी लक्ष्मीबाई शिंदे यांना आधी पाच आणि मग चार रुपये दिले. रोज भाकरी आणून देणाऱ्या बाईला दिलेली ती नऊ नाणी. त्यांवर बाबांचे चित्र नव्हते, तारीख नव्हती. सरकारी टांकसाळीतले साधे रुपये होते ते. तरी शताब्दीच्या चांदीच्या नाण्याहून त्यांचे मोल अधिक, कारण देणारा आणि घेणारी एकमेकांना ओळखत होती.

आमच्या घरातली पोरे आता मोबाइलवर शिर्डीच्या वस्तू पाहतात आणि विचारतात, "हे बाबा आपले का त्यांचे?" या प्रश्नाचे उत्तर कुठल्या वस्तूवर छापून येणार नाही. ते आम्हालाच द्यावे लागेल. त्यांना आम्ही लेंडीबागेत नेतो, अब्दुलबाबाची कबर दाखवतो, संदल कोणी सुरू केला ते सांगतो. १८९७ च्या उरुसाला २०४७ साली दीडशे वर्षे होतील. तेव्हाही नाणी निघतील, कप निघतील. त्यांवर 'सबका मालिक एक'च्या शेजारी 'अल्ला मालिक'ही असावे, एवढी मागणी करायला ही पोरे तिथे हजर असली म्हणजे झाले.