लेथ आणि अनुवृत्ती

गेल्या उन्हाळ्यात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत गेल्यावर, मी घरातल्या लेथची हँडले काढून ठेवली. निर्णय माझा होता, पाना माझ्या हातात होता आणि अण्णा समोर खुर्चीवर बसून पाहत होते. पहिले हँडल निघाले तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसरे निघाले तेव्हा म्हणाले, "पुसून तेल लावून ठेव. गंज धरतोय."

मराठी शिकवणाऱ्या बाईने लेथच्या वाटेला का जावे, हा प्रश्न स्टाफरूममध्ये मला पुष्कळदा विचारला गेला आहे. त्याचे साधे उत्तर असे की माझे वडील टर्नर होते. देगलूरहून बोधन फार लांब नाही. तिथे निजामाच्या राजवटीत उभा राहिलेला साखर कारखाना होता, आणि त्याच्या वर्कशॉपमध्ये अण्णा पोरवयात हेल्पर म्हणून लागले. काम शिकून परत आले आणि देगलूरात स्वतःचे दुकान थाटले. ऑइल इंजिनांचे बुश, उसाच्या चरकाचे शाफ्ट, विहिरीवरच्या मोटारींचे झिजलेले दांडे, असले सगळे त्यांच्या सहा फुटी लेथवर येई. माझे एम.ए. त्या लेथवर झाले आहे. पुढे मोडलेला भाग दुरुस्त करण्यापेक्षा नवा आणून बसवणे स्वस्त पडू लागले, दुकान बंद झाले आणि २०१२ साली तो लेथ वजनावर विकला गेला. किती किलो भरला हे अण्णांनी आम्हाला कधी सांगितले नाही.

पुण्याकडे एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाने २०१७ साली त्यांना टेबलावर मावणारा लहान लेथ आणून दिला. चाळीसेक किलो वजनाचा, दोन सेंटरच्या मध्ये जेमतेम चौदा इंच जागा असलेला. अण्णांनी त्याला आधी खेळणे म्हटले, आणि मग पाच वर्षे त्याच्यावरून उठले नाहीत. मागच्या खोलीत दुपारभर त्याची घरघर चाले. शेजारपाजारच्या फवारणी पंपांचे पितळी बुश, देवघरातल्या समईचा नवा दांडा, नातवाचे भोवरे. त्यानंतर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. नांदेडच्या डॉक्टरांनी नाव सांगितले, गोळ्या दिल्या. कंप थोडा कमी झाला, गेला नाही. क्रॉस स्लाइडच्या हँडलवर एका बारीक रेघेने पुढे जायचे म्हटले की हात तीन रेघा जाई. एके दिवशी त्यांनी लेथवर जुनी चादर टाकली. मी विचारले तर म्हणाले, "धूळ बसूलालीय." धूळ पाच वर्षांत कधी बसली नव्हती.

भाऊ फोनवर म्हणाला, "सीएनसी करून टाक ताई, मी सामान पाठवतो." त्याच्या दृष्टीने तो एका वाक्याचा विषय होता.

इथे एक विषयांतर करते, कारण ते माझ्या धंद्याचे आहे. आमच्या घरात या यंत्राला तीन नावे होती. दुकानात येणारी माणसे दख्खनीत 'खराद' म्हणत, अण्णा 'लेथ' म्हणत आणि शाळेतल्या पुस्तकात 'कातयंत्र' होते. तिसरा शब्द मला लहानपणी कृत्रिम वाटे. पुढे कळले की तो तसा नाही. लाकूड फिरते ठेवून त्याला आकार देणारा तो कातारी, आणि असे कातून काढलेले ते कातीव, हे शब्द मराठीत जुने आहेत. सूत कातणे आणि खांब कातणे यांना मराठीत एकच क्रियापद आहे. संस्कृतात 'कृत्' नावाचे दोन धातू आहेत, एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा सूत काढणे, आणि मराठीपर्यंत येता येता दोघे एकाच रूपात येऊन बसले. चरखा आणि लेथ, दोन्हीकडे काहीतरी गरगर फिरते आणि माणूस एका हाताने त्याला आवर घालतो, हे पाहिले की तो योगायोग फारसा खटकत नाही. आपण मात्र 'कातीव' हा शब्द नायिकेच्या बांध्यासाठी राखून ठेवला आणि कातारी विसरलो.

मराठी साहित्याचे लेथशी नाते इतके दूरचेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे करण्यासाठी. त्याच कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले. सावरकरांच्या सूचनेवरून त्यातला फारसी 'खबर' पुढे गळाला आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या ज्यावर वाढल्या ते 'किर्लोस्कर' मासिक उरले. किर्लोस्करांनीच १९४१ साली हरिहरला लेथ बनवण्याचा कारखाना काढला. मासिकाचा इतिहास मी वर्गात शिकवते, हरिहरचा शिकवत नाही. भाषाशुद्धीच्या तासाला मला हटकून आमचे दुकान आठवते. तिथे कोणी 'खराद' गाळला असता तर निम्मी गिऱ्हाइके दारातून परत गेली असती.

आणि होट्टल. देगलूर तालुक्यातल्या या गावात कल्याणी चालुक्यांच्या काळातली देवळे आहेत. मी चौथीत असताना अण्णा मला सिद्धेश्वराच्या देवळात घेऊन गेले. नमस्कार उरकून त्यांनी सभामंडपातल्या एका खांबाभोवती तळहात फिरवला आणि म्हणाले, "हे बघ, हे कातलेलंय." दगडाचा खांब कातता येतो यावर माझा विश्वास बसला नाही. पुढे कर्नाटकातल्या लक्कुंडी आणि इटगीच्या देवळांविषयी वाचले तेव्हा अभ्यासकही त्या शैलीतल्या खांबांना कातीव म्हणतात असे आढळले. इटगीचे महादेव मंदिर १११२ सालचे. होट्टलच्या खांबाबद्दल अण्णांच्या तळहाताखेरीज माझ्यापाशी दुसरा पुरावा नाही. मला तो पुरतो.

तर सामान आले. कुरियरवाल्याने तीन खोकी ओट्यावर ठेवली आणि सही घेताना विचारले, "मॅडम, पुस्तकं हायत का?" त्यात दोन स्टेपर मोटारी होत्या, त्यांचे ड्रायव्हर, वीजपुरवठ्याचा डबा आणि दोन बॉलस्क्रू. लेथच्या मूळ स्क्रूमध्ये नेहमी थोडा 'प्ले' असतो; हँडल उलटे फिरवले की आधी काही अंश नुसतेच रिकामे फिरते, मग स्लाइड हलते. हाताने काम करणारा माणूस हे मनात धरून चालतो, मोजमाप नेहमी एकाच बाजूने गाठतो. संगणकाला मन नाही, म्हणून स्क्रू बदलायचा. बॉलस्क्रूच्या नटात पोलादी गोळ्या असतात, त्यामुळे तो प्ले जवळजवळ नाहीसा होतो. स्टेपर मोटार फिरते ती अखंड नव्हे, पावलापावलाने. एका फेऱ्याची २०० पावले. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे आठ तुकडे केले की १६०० होतात, आणि स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल तर एका मिलिमीटरला ३२० ठोके पडतात. हा हिशोब मी अण्णांना करून दाखवला. त्यांनी तो कागदावर पुन्हा करून पाहिला आणि कागद खिशात ठेवला.

जोडणीचे तपशील सांगत नाही. ब्रॅकेटची भोके दोनदा चुकली, एवढे पुरे. नांदेडहून एक जुना डेस्कटॉप आणला, कारण मागे पॅरलल पोर्ट असलेला संगणक हवा होता, आणि त्यावर लिनक्ससीएनसी नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. पहिल्या दिवशी १० मिलिमीटरचा दांडा मागितला, तर यंत्र २० वर थांबले. अण्णांनी व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "बरोब्बर दुप्पट हाय. म्हणजे चूक हिशोबाची हाय, मशीनची नाही." तसेच होते. यंत्र माझा आकडा त्रिज्या म्हणून वाचत होते, मी व्यास म्हणून लिहीत होते. 'जी ७' लिहिले की ते व्यास मानते, 'जी ८' लिहिले की त्रिज्या. चाळीस वर्षे टर्नरकी केलेल्या माणसाला आवाजावरून जे कळते ते मला पुस्तिकेतून कळत होते.

या यंत्राची भाषा मला आवडली, हे कबूल केले पाहिजे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५२ साली छिद्रे पाडलेल्या फितीवरून चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवले गेले, तिथून हा वंश सुरू होतो. एका ओळीत एक आज्ञा. 'जी ०' म्हणजे जितक्या वेगाने जाता येईल तितक्या वेगाने जा. 'जी १' म्हणजे कापत जा, 'एफ'ने सांगितलेल्या गतीने. कंसातला मजकूर यंत्र सहसा वाचत नाही, तो माणसांसाठी असतो. मी कंसात मराठी लिहीत असे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकदा दिलेली आज्ञा पुढची येईपर्यंत लागू राहते, ओळीगणिक लिहावी लागत नाही. हे वाचले तेव्हा मला पाणिनी आठवला. सूत्रात जे पद नाही ते आधीच्या सूत्रातून चालत येते, तिला अनुवृत्ती म्हणतात. एम.ए.ला असताना अनुवृत्ती कुठून सुरू होते आणि कुठे थांबते हे आमच्या सरांनी महिनाभर घोटून घेतले होते. मी त्या संध्याकाळी फार खूश होते. अण्णांना अनुवृत्ती समजावून सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे आधी काय म्हणलंय ते ध्यानात ठेवावं लागतं."

तिसऱ्या आठवड्यात तेच ध्यानात राहिले नाही. वीस मिलिमीटरचा लोखंडी दांडा चकमध्ये होता, आठशे फेऱ्यांनी फिरत होता. एका ओळीत मी 'जी ०' ने टूल १९ मिलिमीटरच्या व्यासावर, दांड्याच्या तोंडापासून दोन मिलिमीटरवर आणले. पुढच्या ओळीत फक्त एवढेच लिहिले: झेड उणे ३०, एफ ६०. 'जी १' लिहायचे राहिले. मनात ते होते, कागदावर नव्हते. आणि अनुवृत्ती 'जी ०'ची चालू होती. मिनिटाला ६० मिलिमीटरने कापत जायचे ते टूल मिनिटाला १५०० च्या वेगाने दांड्यात घुसले. सारे सव्वा सेकंदाचे काम. कडाड् असा आवाज झाला, कार्बाइडची टीप उडाली, दांडा चकमधून वाकडा झाला आणि मोटार जागच्या जागी किंचाळत राहिली.

मी लाल बटण दाबले, पण त्याआधी मला जे दिसले ते विसरता येत नाही. अण्णा खुर्चीतून उठले होते आणि त्यांचा उजवा हात टूल मागे घेण्यासाठी क्रॉस स्लाइडच्या हँडलकडे गेला होता. तो हात त्या क्षणी थरथरत नव्हता. तो जिथे पोचला तिथे हँडल नव्हते, मोटारीचा चौकोनी पत्रा होता. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पडद्यावर मात्र सगळे ठीक होते. झेड उणे ३०. या पद्धतीत संगणक मोटारीला ठोके पाठवतो. मोटार खरोखर तितकी फिरली का, हे तो परत विचारत नाही. टूल मध्येच अडकून पडले होते आणि पडद्याच्या मते ते मुक्कामाला पोचले होते. "हे खोटं बोलतंय," अण्णा म्हणाले. मी खोटे आणि न कळणे यांतला फरक सांगायला गेले आणि थांबले.

दोन दिवस ते मागच्या खोलीत आले नाहीत. जेवताना पावसाचे, सोयाबीनच्या भावाचे बोलत. मला रागवले असते तर बरे झाले असते. हाताचे काम परत मिळवून देते म्हणून मी ते हँडल काढले होते, आणि प्रत्यक्षात लेथपाशी त्यांना करण्यासारखे काही ठेवले नव्हते. दांडा लावायला मी, ओळी लिहायला मी, बटण दाबायला मी. त्यांच्या वाट्याला खुर्ची आली होती. भावाला फोन केला तर तो म्हणाला, अगं, कारखान्यात सगळे खुर्चीवरच असतात. तो चुकीचे बोलत नव्हता, पण तो त्या खोलीत नव्हता.

स्टेपर मोटारी दोन प्रकारच्या मिळतात हे मला तेव्हा कळले. काहींचा शाफ्ट एकाच बाजूला असतो, काहींचा दोन्ही बाजूंना. दुसऱ्या प्रकारच्या दोन मागवल्या. पुढचे टोक स्क्रूला, मागच्या टोकाला अण्णांची जुनी हँडले. त्यांच्यावरच्या उभ्या मुठी काढाव्या लागल्या, वेगात फिरताना बाही अडकेल म्हणून. गोल चाके तेवढी राहिली. बुशिंग घालून ती शाफ्टवर नेमकी बसवायची होती. ते बुशिंग कोणी करायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा अण्णा आपणहून आत आले. माप त्यांनी घेतले, ओळी त्यांनी एकेक करून मोठ्याने वाचायला लावल्या, आणि प्रत्येक ओळीला विचारले, "जी कोणता चालू हाय?" आमच्या सरांनीही इतके विचारले नव्हते.

ड्रायव्हर बंद असले की चाक हाताने फिरते. चालू असले की आपोआप फिरते, आणि कापताना फार हळू फिरते. मिनिटाला बारा फेरे. अण्णा बेडच्या उजव्या टोकाशी बसतात आणि चाकाच्या कडेवर दोन बोटे टेकवून ठेवतात. 'जी ०'च्या आधी मी 'एम ०' घालते, म्हणजे यंत्र थांबते. मी "उचला" म्हणते, ते बोटे उचलतात, मग मी पुढे जाऊ देते. कापताना ती दोन बोटे चाकाबरोबर फिरत राहतात. त्यातून त्यांना काय कळते, की कानाला कळते आणि बोटे नुसती सवयीने तिथे असतात, हे मी विचारलेले नाही.

परवा शेजारच्यांच्या पंपाचा बुश लावला होता. चौथ्या कटला त्यांनी बोटे न उचलता माझ्याकडे पाहिले.

"दाबूलालीय. साठ जास्त हाय."

मी प्रोग्राम थांबवला आणि एफ ४५ केला.