रोपमधला अबोला

चि. सोनूस,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तरकाशीला पोचून आठवडा होत नाही तोच तुमच्या रोपमध्ये, म्हणजे कोर्समधल्या तुमच्या तुकडीत, दोन तट पडले म्हणतेस. गिर्यारोहणाचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स, पहाटेची पीटी, टेखलाच्या कातळावर चढउतार, आणि प्रत्येकीच्या डोक्यात ‘ए’ ग्रेड, कारण तिच्याशिवाय पुढे ॲडव्हान्स कोर्सला घेत नाहीत. अशात खटके उडायचेच.

सगळ्यांना बसवून एकदाचं मनातलं बोलून टाकावं का, असं विचारतेस. इतक्यात नको. दमलेली, चिडलेली माणसं समोरासमोर बसवली की उणीदुणीच निघतात. १९५४ मध्ये मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका शिबिरात मुलांचे दोन गट करून त्यांच्यात सामने लावले. मुलं हमरीतुमरीवर आली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं! सूत जुळू लागलं ते पाणी बंद पडलं, खाणं आणायचा ट्रक सुरू होईना, तेव्हा. ज्या दोराने रस्सीखेच खेळले, तोच बांधून सगळ्यांनी मिळून ट्रक ओढला. तेही एका दिवसात झालं नाही. अशी कामं एकामागून एक द्यावी लागली.

तुमच्याकडे तर अशी कामं रोजचीच. डोकरानी बामक हिमनदीकडे निघालात की दोर, रेशन असं सामायिक ओझं वाट्याला येईल. आदल्या संध्याकाळी ते मधोमध मांडा आणि सगळ्यांच्या देखत वाटा. तंबूत गुपचूप सॅक भरल्या की ‘तिची हलकी, माझीच जड’ सुरू होतं. पाणी आणायच्या पाळ्या ठरवा, पहिली तुम्ही पुण्याच्या तिघी घ्या. आणि रोपमध्ये हिंदीतच बोला गं. तुम्ही मराठीत खिदळलात की तुमच्या रोपमधल्या त्या कोलकात्याच्या मुलीला वाटणारच, हसतायत ते आपल्यालाच.

ती मुलगी वर गेल्यावर आणखी तुसडेपणा करू लागली, तर लगेच स्वभावाला नावं ठेवू नकोस. साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, चांगल्या तयारीच्या माणसालाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. मग चिडचिड होते. डोकं दुखतंय का, जेवलीस का, एवढं विचार. बोलणं असंबद्ध झालं किंवा चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. त्या क्षणी इन्स्ट्रक्टरना गाठायचं. अशा माणसाला खाली उतरवावं लागतं, सकाळची वाट बघायची नसते.

ग्रेड जाईल या भीतीने पुष्कळजणी दुखणं अंगावर काढतात. त्यात अबोला असला की विचारणारंही कुणी उरत नाही. भांडण मिटवायचं ते यासाठी. तुम्ही जिवलग मैत्रिणी व्हायलाच हव्यात असं नाही. कोर्स संपल्यावर एकमेकींना फोनसुद्धा केला नाहीत तरी काही बिघडत नाही. पण तिथे असेपर्यंत, रात्री दोन वाजता का होईना, ‘मला बरं वाटत नाहीये’ हे त्या मुलीला तुला उठवून सांगता आलं पाहिजे.

तुझी,
मावशी